‘जसे आहे तसे’ म्हणून सुटका नाही

वाराणसीत कँट स्टेशनपासून लहुराबीर, गोदौलिया, लंका चौकापर्यंत कुठेही उभे राहिले तरी ई-रिक्षांची रांग संपत नाही. नवी रिक्षा घेण्याइतकी रक्कम हाताशी नसलेला माणूस वापरलेली घेतो. तिच्या सीटखाली लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच असतो. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी दाखवलेली गाडी मीटरवर भरलेली दिसते, रिकाम्या गल्लीत एक फेरी मारली तर पळतेही झकास. चार प्रवासी बसवून चौकाघाटच्या उड्डाणपुलाचा चढ घेतला की मग खरे कळते. बॅटरी थकलेली असेल तर मीटरवरचा आकडा झरझर खाली येतो, गाडी रांगू लागते आणि दिवसभर चालायला हवी ती दुपारीच बसते.

असा सौदा फसला की दोन्हीकडची वाक्ये ठरलेली असतात. विकणारा म्हणतो, ‘देखकर लिया था.’ घेणारा म्हणतो, ‘मला सांगितले नव्हते.’ पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हेच संवाद मराठीत होतात. बहुतेक वेळा घेणारा गप्प बसतो, कारण जुन्या मालाला दाद नसते असे आपण सगळ्यांनी मनाशी पक्के धरले आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा फटका ज्यांना नवी वस्तू परवडत नाही त्यांनाच बसतो.

न्याय्य वाटणी साधी आहे. डोळ्यांना दिसणारा, हाताने चाचपता येणारा दोष घेणाऱ्याच्या खात्यावर पडावा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न सापडणारा दोष विकणाऱ्याच्या खात्यावर पडावा. ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. काशीतल्याच एका मराठी घराण्याने जपलेल्या ग्रंथपरंपरेत ती आहे.

पैठणहून सोळाव्या शतकात रामेश्वर भट्ट काशीला गेले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट काशीच्या पंडितांत अग्रगण्य ठरले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. नारायण भट्टांचे नातू नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरातेत वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालये हाच ग्रंथ प्रमाण मानत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची संपादित आवृत्ती भांडारकर संस्थेतर्फे १९२६ मध्ये काढली. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती वाटणी-वारशासाठी. खरेदी-विक्रीचे वादही त्यात आहेत याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

या वादांचे नियम त्याहून कितीतरी जुने, स्मृतींमधले. नारदस्मृती सांगते की घेतलेली वस्तू मनाला पटली नाही तर त्याच दिवशी, न बिघडवता परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर माल घेणाऱ्याचा. पण घेणाऱ्याने आधी स्वतः पारखून घ्यावे, पारखून घेतलेले परत करता येत नाही, हेही ती बजावते. याज्ञवल्क्याने तर पारखायच्या मुदती वस्तूनुसार ठरवल्या: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. यामागे व्यवहाराची जाण आहे. गाय किती दूध देते हे बाजारात उभ्या उभ्या कळत नाही आणि बी रुजते की नाही ते पेरल्याशिवाय कळत नाही. दोष उघडा पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढी मुदत.

वापरलेल्या मालाबद्दलही नारद बोलतो. नेसून मळलेले, विटलेले वस्त्र तशा अवस्थेत घेतले असेल तर ते सदोष असले तरी विकणाऱ्याच्या गळ्यात परत मारता येत नाही. दिसत होते ना? मग तक्रार नको. पण चांगला माल दाखवून हाती खराब दिला, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याला दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंड भरावा. एकाच परंपरेत घेणाऱ्याचा कानही धरला आहे आणि विकणाऱ्याचाही.

आजचा कायदा याहून फार दूर नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यातले सतरावे कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगते आणि उदाहरणाला घोडा घेते. लिलावात विकायला काढलेल्या घोड्यात खोड आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र खोड सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण सगळ्यात कामाचे आहे. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी धरून चालेन.’ मालक गप्प राहतो. आता त्याचे गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते.

वापरलेली वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाने हे तिसरे उदाहरण लक्षात ठेवावे. प्रश्न न विचारता घेतलेल्या गाडीबद्दल नंतर भांडणे अवघड असते. ‘बॅटऱ्या कधी बदलल्या?’, ‘गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का?’, ‘इंजिन उघडले होते का?’ असे साधे प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून विचारले आणि उत्तर जपून ठेवले, तर दोघांमधल्या नात्याचे कायदेशीर स्वरूपच बदलते. विकणारा खोटे बोलला तर ते खोटे नोंदलेले राहते. जो दोष केवळ न सांगितला गेला आणि घेणाऱ्याला साध्या सावधपणाने सापडला असता, त्यासाठी करार मोडता येत नाही, असेही हाच कायदा सांगतो. मुद्दाम झाकलेला दोष वेगळा. गंजावर रंग मारणे, तडा गेलेल्या जागी लांबी भरणे, फोनची सुजलेली बॅटरी झाकणाखाली दाबून बसवणे, हे गप्प राहणे उरत नाही.

१९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे सोळावे कलम नेहमीच्या व्यापाऱ्याला आणखी बांधते. एखाद्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून तो माल घेतला, तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते तेवढ्या दोषांची हमी उरत नाही. न दिसणाऱ्या दोषांची उरते. हा माल विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला आहे, ही चौदाव्या कलमातली गृहीत अट तर दुकानदारालाही लागू आहे आणि घरगुती विक्रेत्यालाही. ‘जसे आहे तसे’ असा करार करून दर्जाची हमी बासष्टाव्या कलमानुसार टाळता येते, हे खरे. त्या तीन शब्दांनी फसवणूक मात्र धुतली जात नाही, आणि बाजारात नेमका याच ठिकाणी गैरसमज आहे.

मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वापरलेली, दुरुस्त करून नवी केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बिल न देणेही त्यातच मोडते. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणेही त्यातच. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादात येत नाही. म्हणजे वापरलेली ई-रिक्षा विक्रेत्याकडून घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा आयोगाला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांत करता येते आणि जिथे तो राहतो तिथल्याच आयोगाकडे करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हे रिक्षा थांब्यावर कुणी तरी सांगायला हवे.

खरी फट आहे ती घरगुती विक्रीत. काशी हिंदू विश्वविद्यालयातून शिकून निघालेला विद्यार्थी आपला कूलर, सायकल किंवा लॅपटॉप पुढच्याला विकतो, तेव्हा तो व्यापारी नसतो. ई-वाणिज्याचे २०२० चे नियमही वैयक्तिक, अधूनमधून विक्री करणाऱ्या माणसाला लागू नाहीत. हे योग्यच आहे. विद्यार्थ्याने तीन वर्षे वापरलेल्या कूलरची हमी द्यावी अशी अपेक्षा चुकीची ठरेल. पण मोटर तापली की बंद पडते हे त्याला माहीत असेल, तर ते सांगण्याची जबाबदारी त्याचीच. बनारसच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलाने जमवून दिलेले पैसे आणि त्याची झोप दोन्ही त्या एका न सांगितलेल्या वाक्यावर अवलंबून असतात. घरगुती विक्रेत्याकडून टिकाऊपणाची हमी मागू नये, माहितीचा प्रामाणिकपणा मागावा.

विकणाऱ्याला मालाची माहिती जास्त असते, एवढ्यावरून अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता; २००१ मध्ये अकरलॉफ नोबेलचे एक मानकरी ठरले. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो आणि उरतो तो खराब माल. तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असल्याने ते निवडत बसणाऱ्या गृहिणीचे उदाहरणही त्याच निबंधात आहे. आपल्या घरांनी तांदूळ निवडण्यात किती पिढ्यांचे तास घालवले, याचा हिशेब त्या एका ओळीत सापडतो. दोष लपवणारा विक्रेता एका गिऱ्हाईकाला फसवतो आणि शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याचा भावही पाडतो.

वाराणसीत या माहितीला पुराचा पदर आहे. गंगेची इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते. गंगा फुगली की तिला मिळणाऱ्या वरुणा नदीचे पाणी उलटे फिरते आणि काठच्या वस्त्यांत शिरते. नगवा, सामने घाटाकडेही तेच. पाणी ओसरल्यावर भिजलेली दुचाकी, फ्रिज, पाण्याची मोटर धुऊन-पुसून उभी केली तर महिनाभर बरी चालते. वायरिंगचे सांधे आतून हिरवे पडत जातात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वस्तू दगा देते. दुचाकी घेताना सीट काढून वायरिंगचा एखादा जोड उघडून पाहावा, हेडलाइटच्या काचेत आतल्या बाजूने मातीची पुसट रेघ आहे का ते बघावे. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाण्याखाली गेलेल्या गाड्या आठवणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पुरात बुडालेली वस्तू विकताना तसे सांगणे कायद्याने सक्तीचे व्हावे, इतका हा दोष महत्त्वाचा आणि इतका लपणारा आहे.

बनारसी साडीची गोष्ट वेगळी. जुन्या साडीतली जरी खरी असेल तर तिच्यातली चांदी काढण्यासाठीही ती विकत घेतली जाते. त्यामुळे ‘असली जरी’ म्हणून विकली गेलेली जुनी साडी तांब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या जरीची निघाली, तर फसवणूक मोठ्या रकमेची असते. इथे वर्णनच खोटे आहे आणि जबाबदारी सर्वस्वी विकणाऱ्याची. पण पदर उजेडासमोर धरला की घडीच्या रेषेवर विरलेले रेशीम आरपार दिसते. ते न बघता साडी घेऊन, पहिल्याच नेसणीत फाटली म्हणून दुकानदाराच्या दारात उभे राहणे योग्य नाही. नारदाचा मळलेल्या वस्त्राचा नियम इथे आजही तंतोतंत लागू पडतो.

विकणाऱ्याचेही हित सांभाळायला हवे, आणि ते सगळ्यात जास्त धोक्यात येते गाडी विकताना. पैसे मोजून घेतले, चावी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, इतक्यावर आपला संबंध संपला असे लोकांना वाटते. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, राज्याबाहेर झाली तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ पासून एकामागून एक हात बदलत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. २००९ मध्ये तिच्या अपघातात जीव गेला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदलेल्या मालकावर टाकली. अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षे आधी गाडी विकलेल्या माणसाला हे ऐकावे लागले.

विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचा भाग नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेण्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची नोंद आता त्याच वेळी करता येते. हे चांगले पाऊल आहे. पण त्या नियमांचा सगळा रोख मालकी आणि कागदपत्रांवर आहे, गाडीच्या आतल्या अवस्थेवर नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून जुन्या गाड्या ना-हरकत दाखल्यासह बाहेरच्या जिल्ह्यांत जातात. अशा बाजारात अवस्थेचा कागद मालकीच्या कागदाइतकाच गरजेचा आहे.

मोबाइलच्या बाबतीत तपासणी त्यातल्या त्यात सोपी झाली आहे. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक येतो. ‘केवायएम’ या इंग्रजी अक्षरांपुढे तो लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. संचार साथी संकेतस्थळावरही तीच सोय आहे. दोन मिनिटांचे हे काम न करता स्वस्तात घेतलेला फोन चोरीचा निघाला, तर हात वर करायला जागा फार थोडी उरते. फोन जप्त झाला की पैसे परत मागण्याचा हक्क विकणाऱ्याविरुद्ध असतो, पण तो विकणारा सापडायला हवा.

इतर देशांनी काय केले तेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात व्यापाऱ्याकडून घेतलेली वापरलेली वस्तूही समाधानकारक दर्जाची असावी लागते आणि सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. दर्जा ठरवताना वस्तूचे वय आणि किंमत धरली जाते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात वापरलेल्या मालाची विक्रेत्याची जबाबदारी सदस्य देशांना फार तर एक वर्षापर्यंत खाली आणू दिली आहे. अमेरिकेत १९८५ पासून वापरलेल्या मोटारीच्या काचेवर विक्रेत्याला एक पत्रक चिकटवावे लागते: हमी आहे की गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जात आहे, ते त्यावर ठळक लिहिलेले असते. हे तिसरे उदाहरण भारतासाठी सगळ्यात सोपे आहे. त्याला नवे खाते लागत नाही, नवा अधिकारीही लागत नाही.

उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या परिवहन विभागांनी गाडीच्या मालकीबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० सोबत एक पानाचे अवस्थापत्र जोडायला सांगावे. त्यावर पाचच ओळी पुरेत: मोठा अपघात झाला का, पाण्यात बुडाली का, इंजिन किंवा बॅटरी केव्हा बदलली, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा खरा आहे का, आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणखी कुठला दोष. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यासाठी हे पत्र सक्तीचे असावे आणि त्यासोबत निदान पंधरा दिवसांची परतीची मुदत असावी, कारण थकलेली बॅटरी तेवढ्या दिवसांत स्वतःच बोलते. खासगी विक्रेत्याला मुदतीचे ओझे नको, पण पत्र त्यानेही भरावे. ज्याने दोष लिहून दिला त्याच्यावर त्या दोषासाठी पुढे दावा चालू नये. प्रामाणिक विक्रेत्याला आज मिळत नसलेले हे संरक्षण आहे आणि किंमत थोडी कमी करून तो ते आनंदाने घेईल.

कूलर, फोन, शिवणयंत्र, फ्रिज अशा वस्तूंसाठी सरकारी फॉर्मची वाट पाहण्याचे कारण नाही. दुकानदारांच्या संघटना आपल्या बिलावर या ओळी छापून घेऊ शकतात. विद्यापीठाच्या वसतिगृहांत सूचनाफलकावर एक छापील नमुना लागला, तर सामान विकून गावी निघालेला विद्यार्थी आणि ते घेणारा नवा विद्यार्थी, दोघांनाही आपापल्या बाजूचे काय ते लिहून ठेवता येईल. वादाची वेळ आलीच, तर जिल्हा आयोगासमोर किंवा दिवाणी न्यायालयात तोंडी आठवणींऐवजी सही केलेला कागद जाईल.